तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रेनेज घरात उलटलं, भरपाई कोण देणार?

“पहिल्या मजल्यावर राहतो. सकाळी कमोडमधून आणि नहाणीतून सगळ्या बिल्डिंगची घाण वर आली, हॉलपर्यंत पसरली. फर्निचर गेलं. सोसायटी म्हणते, आमचा संबंध नाही. पैसे कोणाकडे मागायचे?” पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो.

पैशाचं बोलण्याआधी एकच गोष्ट ठरवा: अडथळा नेमका कुठे होता? सगळं प्रकरण त्या जागेवर उभं राहतं, आणि जेटिंगची गाडी (जोराच्या पाण्याने लाइन मोकळी करणारी) तोच पुरावा अर्ध्या तासात धुऊन टाकते.

पुण्यातल्या बऱ्याच इमारतींत तळाला पार्किंग असतं. वरच्या मजल्यांची ११० मिलिमीटरची उभी पाईप डक्टमधून खाली येते, बेंड घेते आणि पहिल्या चेंबरला मिळते. बेंडपाशी किंवा त्याच्या पुढे तुंबलं की वरून येणारं पाणी सर्वांत खालच्या जोडणीतून बाहेर पडतं. ती जोडणी म्हणजे पहिल्या मजल्याचा कमोड. तुमच्या घरात तुम्ही काहीही चुकीचं टाकलेलं नसतं, तरी घाण तुमच्याकडेच येते.

म्हणून गाडी येण्याआधी वरच्या सगळ्यांना पाणी वापरणं थांबवायला सांगा आणि चेंबरची झाकणं बिल्डिंगपासून रस्त्याच्या दिशेने ओळीने उघडायला लावा. घरात पाणी आहे पण पहिलं चेंबर कोरडं, तर अडथळा उभ्या पाईपच्या तळाशी. पहिलं भरलेलं आणि दुसरं रिकामं, तर त्या दोघांमधल्या तुकड्यात. रस्त्यालगतचं शेवटचं चेंबरसुद्धा काठोकाठ, तर बहुधा बाहेर, महापालिकेच्या लाइनीत. प्रत्येक चेंबरचा फोटो असा घ्या की आजूबाजूची भिंत किंवा खांब दिसून जागा ओळखू येईल. झाकण उघडल्यावर कोणी वाकून आत डोकावू नये, आणि माणूस आत उतरवणं तर अजिबात नको. २०१३ च्या हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या कायद्याने ते बंद आहे, आणि चेंबरमधल्या विषारी वायूने क्षणात जीव जातो.

लाइनीतून काय निघालं हेही पाहा. पॅड, वाइप्स, चिंध्या निघाल्या तर कोणाच्या ते सांगता येत नाही. पण सिमेंटचा किंवा ग्राउटचा कडक झालेला थर निघाला आणि वरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये नुकतंच टाइल्सचं काम झालं असेल, तर धागा मिळाला. झाडाची मुळं निघाली तर जुन्या चिनी मातीच्या पाईपचे सांधे उघडलेत. फक्त जोराच्या पावसातच उलटत असेल, तर गच्चीच्या पावसाच्या पाईप ड्रेनेजच्या चेंबरला जोडल्यात का ते बघा. अशी जोडणी अनेक ठिकाणी सापडते. प्लंबरकडून दोन ओळी लेखी घ्या: चेंबरपासून किती फुटांवर अडथळा होता, काय निघालं, तारीख, सही.

आता जबाबदारी. गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना उपविधींत ड्रेनेज लाइन आणि सामाईक पाईपची गळती ही सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची कामं म्हणून लिहिलेली आहेत. “आमचा संबंध नाही” याला उत्तर हेच. एका सदस्याच्या निष्काळजीपणामुळे तुंबलं असेल तर सोसायटीने आधी लाइन नीट करावी आणि खर्च त्याच्याकडून घ्यावा. तुम्हाला दोघांमध्ये फिरवत ठेवणं बरोबर नाही. इमारत नवी असेल तर बिल्डर सुटत नाही: रेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष कळवला, तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, नाहीतर भरपाई. अडथळा महापालिकेच्या लाइनीत असेल तर तक्रारीचा टोकन नंबर जपून ठेवा आणि उशीर करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकल्यामुळे चांगली प्रकरणं बुडतात.

साफसफाईच्या आधी भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते खडूने आखून त्याला टेप लावून फोटो घ्या. सचिव आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा पंचनामा करा. फुगलेल्या प्लायवूडचा एक तुकडा ठेवून द्या. दुरुस्तीची दोन कोटेशनं, निर्जंतुकीकरणाचं बिल, राहण्यायोग्य नव्हतं तेव्हाचं भाडं, सगळं पावतीसह. दहा वर्षं जुन्या ट्रॉलीला नव्याची किंमत मागू नका. घसारा (वापराने घटलेली किंमत) वजा केलेला आकडा टिकतो, फुगवलेला पडतो आणि बाकीच्या खऱ्या मागणीवरही संशय येतो.

अर्जात तारीख, कारण, रक्कम आणि मुदत चारही असावेत: “दि. अमुक रोजी सामाईक ड्रेनेज लाइन तुंबल्याने माझ्या फ्लॅटचे रु. इतके नुकसान झाले, तपशील सोबत जोडला आहे, १५ दिवसांत निर्णय लेखी कळवावा.” सचिवाकडून पोच घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवू नका. सोसायटी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीला जाते आणि तुम्ही थकबाकीदार ठरता.

नकार आला तर लोक सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे धावतात. पण गळती-दुरुस्तीचे वाद सहकार न्यायालयाचे, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली. मात्र तुमची इमारत सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची ‘अपार्टमेंट’, हे आधी कागदावर पाहा. पुण्यात अपार्टमेंट पुष्कळ आहेत, आणि तिथे कलम ९१ लागत नाही. भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाकडे जावं लागतं. रक्कम लाखाच्या आत असेल तर आमचा सल्ला आधी समझोत्याचा, पण लेखी.

घराचा विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि नुकसान पाहणारा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत सामान फेकू नका. भारत गृह रक्षा पॉलिसीत टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं-ओसंडणं यांचा समावेश आहे, पण तुमच्या पॉलिसीतली वाक्यं स्वतः वाचा. विम्याचा दावा चालू असताना सोसायटीला “पूर्ण व अंतिम समझोता” असं लिहून देऊ नका. तुम्हाला पैसे दिल्यावर सोसायटीकडून वसूल करण्याचा विमा कंपनीचा हक्क त्याने अडतो.

आणि अर्जात पैशांच्या खाली दोन मागण्या आणखी घाला: सर्वांत खालच्या मजल्याची लाइन स्वतंत्रपणे चेंबरला जोडावी, आणि चेंबर पावसाळ्याआधी मे महिन्यातच साफ करून त्याची नोंद ठेवावी.