गार्डकाकांची सही

विकिपीडियाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल सदस्य आपापसांत बोलतात त्या पानावर, गार्डकाकांनी लिहिलेला पहिला मजकूर असा सुरू झाला: ‘माननीय महोदय, स.न.वि.वि.’ पुढे एक परिच्छेद नाराजीचा, एक इशाऱ्याचा. शेवटी ‘आपला विश्वासू’, खाली पूर्ण नाव, नौपाड्यातल्या सोसायटीचा पत्ता, मोबाइल नंबर. आणि ता.क. : ‘चोवीस तासांत दुरुस्ती न झाल्यास वरिष्ठांकडे तक्रार करण्यात येईल.’ हे सगळं पानाच्या अगदी वर, आधीपासून चाललेल्या दुसऱ्याच एका चर्चेच्या डोक्यावर.

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मराठी भाषा पंधरवड्यात आमच्याकडे मराठी विकिपीडियाची कार्यशाळा होते. विद्यार्थी असतातच, पण ग्रंथालयाचे बाहेरचे सभासदही येतात आणि त्यात निवृत्त मंडळी बरीच. सगळ्यांना सदस्यखातं घरूनच उघडून यायला सांगते, कारण एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहापेक्षा जास्त खाती उघडता येत नाहीत. गार्डकाका मुलाकडून खातं उघडून घेऊन, पासवर्ड डायरीत लिहून, वेळेच्या आधी हजर होते. रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते निवृत्त झाले तेव्हा गार्डच होते, आणि तासाभरात सगळी मुलं त्यांना गार्डकाका म्हणू लागली.

त्यांनी लेख निवडला तोही साहजिकच पहिल्या रेल्वेप्रवासाचा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. हे त्यांना तोंडपाठ होतं. लेखात प्रवासाला सव्वा तास लागल्याचं लिहिलेलं होतं, ते त्यांनी खोडून ५७ मिनिटं केलं. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा सव्वा तास. त्यांनी परत ५७ केलं. परत सव्वा तास. तिसऱ्या वेळी मात्र त्यांचा आवाज चढला. ‘मॅडम, हा कोण आहे? मी उभी नोकरी या मार्गावर केलीय!’

त्यांचा बदल उलटवणाऱ्या सदस्यानं काही गैर केलं नव्हतं. वाक्याच्या शेवटी एका पुस्तकाचा संदर्भ होता आणि त्या पुस्तकात सव्वा तास होता. आकडा बदलला पण संदर्भ तोच राहिला, तर ते पुस्तक न बोललेलं त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं. बदलाच्या सारांशात त्यानं लिहिलंही होतं, ‘संदर्भाशी विसंगत, कृपया चर्चापानावर मांडा’. पण नव्या माणसाला तो सारांश दिसतच नाही. तो ‘इतिहास’ पानावर बारीक अक्षरात असतो आणि तिथं जायचं असतं हेच माहीत नसतं. त्याला दिसतं एवढंच की आपण लिहिलेलं पुसलं गेलं. गेल्या कित्येक कार्यशाळांत मी पाहत आलेय, माणसं इथंच सुटतात. भांडत नाहीत, विचारत नाहीत, खुर्ची मागे सरकवून चहाला जातात आणि पुन्हा कधी संपादन करत नाहीत. गार्डकाका भांडले, म्हणून मला त्यांच्याबद्दल आशा वाटली. मी त्यांना ‘चर्चा’ हा दुवा दाखवला आणि दुसऱ्या रांगेतल्या मुलीची अडचण सोडवायला वळले. तेवढ्यात ते पत्र जाऊन पडलं.

पहिलं काम मोबाइल नंबर काढायचं. चर्चापानावर दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराला हात लावायचा नाही हा तिथला पक्का संकेत आहे, शुद्धलेखनाची चूकसुद्धा सुधारायची नाही. खाजगी माहिती हा त्याला अपवाद. मी नंबर आणि पत्ता काढला, सारांश मुद्दाम मोघम ठेवला. पण एवढ्यानं भागत नाही, कारण जुनी आवृत्ती इतिहासात कुणालाही उघडून वाचता येते. ती लपवण्याची सोय प्रचालकांकडे, म्हणजे देखभालीचं काम बघणाऱ्या सदस्यांकडे असते. त्यांना मी ईमेल केला. अशी विनंती चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, सगळ्यांच्या देखत करायची नसते. करायला गेलं तर ज्यांना नंबर दिसला नव्हता त्यांनाही आपणच बोटानं दाखवून देतो. काकांना हे सांगितलं तेव्हा ते गोंधळले. ‘निनावी तक्रार कशी करायची? नाव-पत्ता नसलेलं पत्र कचऱ्यात जातं.’

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे काही म्हणायचं असेल तर अर्ज करतात. अर्जाला कार्यालय असतं, कार्यालयात साहेब असतो, साहेबाच्या वर मोठा साहेब. पत्ता नसेल तर उत्तर कुठं येणार? त्या पत्रात उद्धटपणा नव्हता, आयुष्यभर पाळलेली शिस्त होती. ती या पानावर बसत नव्हती, एवढंच. चर्चापानाची ओळख नियमांची यादी वाचून दाखवून होत नाही, असं माझं ठाम मत आहे. नव्या सदस्याच्या पानावर स्वागताचा साचा, म्हणजे ठरावीक तयार मजकूर लागतो, त्यात निळ्या दुव्यांची ही एवढी रांग असते. ते दुवे उघडून वाचणारा नवागत मला तरी भेटलेला नाही. माणूस कुठल्या सवयी घेऊन आलाय ते आधी बघावं लागतं.

‘मॅडम, मग निर्णय कोण देतं?’ काकांनी विचारलं.

‘चर्चेत असलेले सगळे मिळून.’

‘म्हणजे मतदान?’

‘नाही काका. मतं मोजत नाहीत. कोणाचा मुद्दा काय, पुरावा काय, ते बघतात.’

‘आणि प्रचालक?’

प्रचालकांकडे जास्तीची साधनं असतात, पान वगळायची, त्रास देणाऱ्याला रोखायची. ५७ खरं की ७५, हे ठरवायचा त्यांचा अधिकार तुमच्या-माझ्याइतकाच. हे पचायला त्यांना वेळ लागला. ज्या खात्यात जन्म गेला तिथं शेवटचा शब्द कुणाचा हे नेहमी ठरलेलं होतं. त्याहून जड गेलं ते दुसरं: उभी नोकरी या मार्गावर झाली, हा पुरावा होत नाही. मी हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. शेजारी बसलेली जनसंज्ञापनच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी पटकन म्हणाली, ‘काका, तुमची नोकरी आता झाली ना, गाडी १८५३ ची आहे.’ मला वाटलं आता हे उठून जातील. ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे बाळा. त्या गाडीवर मी नव्हतो.’

मग आम्ही सहीवर आलो. काकांनी पत्राखाली नाव टाईप केलं होतं, पण विकिपीडियाच्या लेखी ती सही नव्हे. मजकुराच्या शेवटी ~~~~ अशी चार नागमोडी चिन्हं टाकली की प्रकाशित करताना तिथं सदस्यनाव, चर्चापानाचा दुवा आणि तारीख-वेळ आपोआप येते. तीन टाकली तर फक्त नाव, पाच टाकली तर फक्त वेळ. चिन्ह शोधण्यातच नवखे अडकतात: मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्या कळीतून भलतंच अक्षर उमटतं, कीबोर्ड इंग्रजीवर आणावा लागतो, मोबाइलवर ते चिन्हांच्या दुसऱ्या पानात दडलेलं असतं. आता प्रत्येक प्रतिसादाखाली उत्तर देण्याचा दुवा येतो आणि तो सही, समास सगळं स्वतःच सांभाळतो. तो जरूर वापरावा. तरीही मी एकदा तरी पानाचा चिन्हांसकटचा मूळ मजकूर उघडून हातानं करायला लावते. ओळीच्या सुरुवातीला एक अपूर्णविराम (:) दिला की ओळ एक पायरी आत सरकते, दोन दिले की दोन पायऱ्या. कोण कुणाला बोलतंय ते त्या पायऱ्यांवरून कळतं. हे एकदा हाताखालून गेलं की जुन्या, लांबलचक चर्चा वाचता येतात.

वेळेसकट सही, हे ऐकल्यावर काका सावरून बसले. ‘अहो, हे तर आमचं जर्नल.’ गार्डच्या नोंदवहीत गाडी कुठून कधी सुटली, कुठं किती थांबली, का थांबली, ते लिहायचं आणि खाली सही. सहीशिवाय नोंद म्हणजे नोंदच नाही. उद्या चौकशी लागली तर कोण काय आणि कधी म्हणालं ते त्यावरून ठरतं. मला आणखी काही समजावावं लागलं नाही. त्यांनी पानाच्या तळाशी नवा विषय उघडला, मथळा दिला ‘प्रवासाला लागलेला वेळ’, आणि लिहिलं:

‘नमस्कार. मी नवीन सदस्य आहे. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला प्रवास ५७ मिनिटांत झाला असे मी वाचले आहे. लेखात सव्वा तास आहे. आपल्याकडे काय संदर्भ आहे? मी माझा शोधतो.’ आणि चार चिन्हं.

‘समोरचा वयानं केवढा आहे?’ हे त्यांनी मला प्रकाशित करण्याआधी विचारलं होतं. कळायला मार्ग नाही, म्हटलं. सदस्यनावावरून शाळकरी आहे की सत्तरीचा ते समजत नाही. ‘मग “आपण”च म्हणू,’ ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीनंतर उत्तर आलेलं होतं. एक पायरी आत, सहीनिशी. ‘नमस्कार. संपादने उलटवण्याआधी आपल्या चर्चापानावर निरोप द्यायला हवा होता. ५७ मिनिटे हा आकडाही अनेक ठिकाणी दिसतो. छापील स्रोत मिळाल्यास पान क्रमांकासह इथे द्या, दोन्ही आकडे संदर्भासह लेखात देता येतील.’ काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या अनोळखी सदस्याचे मी इथं जाहीर आभार मानते. कामाच्या धबडग्यात चार ओळी लिहायला त्याची दोन मिनिटं गेली असतील, पण आमच्या खोलीतल्या प्रत्येकानं त्या चार ओळींवरून चर्चापानावर कसं बोलतात ते उचललं. दुपारनंतर मुलांनी टाकलेले प्रतिसाद मी पाहिले: सगळ्यांची सुरुवात ‘नमस्कार’नं, मुद्दा एक, शेवटी सही. तसं लिहा असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता काकांना ते वरचं पत्र पुसून टाकायचं होतं. पण त्या इशाऱ्यालाही दुसऱ्या एका सदस्यानं तोवर शांतपणे उत्तर दिलेलं होतं. मूळ मजकूर पुसला तर उत्तर देणारा हवेत बोलल्यासारखा दिसतो. अशा वेळी आपला मजकूर पुसत नाहीत, त्यावर रेघ ओढतात, म्हणजे वाचताही येतो आणि मागे घेतला आहे हेही कळतं. मी एवढं म्हणते आहे तोच काका म्हणाले, ‘जर्नलमध्येही खाडाखोड चालत नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही.’ त्यांनी इशाऱ्याच्या परिच्छेदावर रेघ ओढली, खाली लिहिलं ‘हे विधान मागे घेत आहे’ आणि सही केली. खोलीतली मुलं बघत होती. चुकीवर उघडपणे रेघ मारून खाली नाव लिहिणारा वडीलधारा माणूस त्यांना रोज बघायला मिळत नाही.

इकडे जनसंज्ञापनच्या त्या मुलीनं आकडेमोड केली होती. ३४ किलोमीटर ५७ मिनिटांत म्हणजे ताशी साधारण ३६. सव्वा तासात म्हणजे ताशी २७. वाफेच्या इंजिनाला दोन्ही शक्य. तिला ते थेट लेखात घालायचं होतं. मी थांबवलं, कारण लेखात स्वतःचं संशोधन चालत नाही, कुठंतरी छापून आलेलंच चालतं. चर्चापानावर मात्र असा विचार मोकळेपणानं मांडता येतो, त्यासाठीच ते पान आहे. तिनं काकांना आलेल्या उत्तराखाली, दोन पायऱ्या आत, हिशेब मांडला. काकांनी त्याखाली विचारलं की वेळ कुठून कुठवर मोजली असेल, गाडी हलल्यापासून की समारंभ धरून? ५७ आणि ७५ मधला फरक कदाचित तिथंच असेल. हा प्रश्न मात्र त्यांच्या नोकरीतून आला होता, आणि तो त्या चर्चेतला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

काका पुढच्या आठवड्यात १८९३ सालापासून ठाण्यात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसले. ५७ मिनिटं सांगणारं एक पुस्तक त्यांना मिळालं. पान क्रमांक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, सगळं त्यांनी चर्चापानावर टिपून ठेवलं. लेखात आता दोन्ही वेळा आहेत, दोन्हींपुढे संदर्भ आहेत. पण ही दोन्ही पुस्तकं घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली. त्या एप्रिलमध्ये मुंबईत ‘बॉम्बे टाइम्स’ निघत होता, भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ होतं, पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ होतं. कुणा वाचकाला त्यांचे तेव्हाचे अंक कुठं पाहायला मिळाले आणि त्यात गाडी सुटल्याची आणि ठाण्याला पोचल्याची वेळ सापडली, तर ती त्या पानावर, काकांच्या प्रश्नाखाली लिहा. एक पायरी आत, आणि शेवटी सही. काका रोज सकाळी पान उघडून बघतात.