सर, नियम असताना अल्लाह कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि विचारणारे तुम्ही पहिले नाही म्हणून, एकदाच लिहून टाकतो. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी मुलांना ग्रहणाचे चष्मे वाटले आणि तसाच मशिदीत जाऊन ग्रहणाची नमाज पढलो. तेव्हापासून स्टाफरूममध्ये एकच सवाल: ग्रहतारे नियमांनी चालतात ना, मग अल्लाह करतो काय? मोहल्ल्यात तोच उलटा: अल्लाह चालवतो ना, मग तुमचे नियम कशाला?

न्यूटनच्या नियमाने ग्रहाची कक्षा काढता येते. पण गुरुत्व मुळात का, यावर त्यानेच 1713 साली लिहिलं की मी अटकळी बांधत नाही. आइनस्टाइनने 1915 मध्ये पुढचं सांगितलं: वस्तुमानाने अवकाश-काळ वाकतो, तेच गुरुत्व. पण मग त्याचं तेच समीकरण का? इस्लामी विचारवंत गझाली अकराव्या शतकात एका पुस्तकात म्हणून गेला की विस्तवाजवळ कापूस जळताना दिसतो, पण विस्तवच जाळतो हे काही दिसत नाही. त्याच्या मते जाळतो तो अल्लाह; अल्लाहची रीत कायम आहे, म्हणून आपल्याला नियम सापडतात. (ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचंच नुकसान करतो, हेही त्याच पुस्तकात आहे. मोहल्ल्यातल्यांनी तेवढं वाचावं.) तत्त्वज्ञ इब्न रुश्दने त्याला पुढच्या शतकात ठणकावलं: कारणं नाकारलीत म्हणजे अक्कलच नाकारलीत.

कॉलेजातला मी म्हणायचो, नियम आहेत, बस. त्यांना मालक कशाला? त्या पोराशी अजून वाद घालतो. तो दर वेळी हरतो असंही नाही.

माझा धाकटा भाऊ मासेमारीला जायचा. पावसाळ्यातली बंदी उठली होती, नारळी पौर्णिमेचं उधाण होतं. दुपारी परतताना खाडीच्या मुखाशी होडी उलटली. दफनानंतर मी भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बसलो. पौर्णिमेची ओहोटी, खाडीतून जोरात बाहेर पडणारं पाणी, समोरून येणाऱ्या लाटा. दोन्ही वाळूच्या उथळ दांड्यावर भिडले की लाट उभी राहते. सगळं जुळलं. जुळलं नसतं तर बरं वाटलं असतं.

लोक म्हणत होते, अल्लाहची मर्जी. एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, आता कुठे गेला तुमचा अल्लाह? दोघांचाही राग आला. मग अम्मीने विचारलं, ‘दोन मिनिटं पाणी थांबवता आलं नसतं का रे त्याला?’

गझाली खरा असेल तर आलं असतं. रीत त्याचीच, मोडणंही त्याच्याच हातात. वर्गाबाहेर मी ज्याच्या बाजूने तावातावाने बोलतो, त्याचं उत्तर अम्मीसमोर तोंडातून निघेना. त्या घटकेला इब्न रुश्द जवळचा वाटला.

632 साली मदिनेत पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, सूर्यसुद्धा शोक करतोय. पैगंबर गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही; ग्रहण दिसलं की नमाज पढा. स्वतःच्या मुलासाठीही त्यांनी आभाळाकडून सवलत घेतली नाही. तेच मला धीर देतं आणि तेच छळतं. नियम कुणासाठी वाकत नसेल, तर मी दुआ नेमकी कसली मागतो?

तर स्टाफरूमवाल्यांनो, नियम एकटे पुरतात का? मला नाही वाटत. नियम का आहेत, हे नियमांना विचारून कळत नाही. पण हे म्हटलं की अम्मीचा प्रश्न सुटत नाही, उलट जास्तच टोकदार होतो. तिला मी अजून काही उत्तर दिलेलं नाही.