दोनशे लिटरचं घर

बोटीवर राहायला आलो आणि दोनशे लिटरची टाकी चार दिवसांत संपवली. एकटा माणूस! घरी कधी मोजलंच नव्हतं ना, नळ सोडला की पाणी येतं आणि जाळीतून खाली जातं, मधे हिशोब कसला. इथेही आधी बटणाचा पंप होता, दाबलं की धो धो, त्यामुळे दात घासताना चालूच. मग एका सकाळी पंपाने घरघर करत नुसती हवा ओढली, चारी बाजूंना पाणीच पाणी आणि मी तोंडात पेस्टचा फेस घेऊन उभा.

तो पंप काढला आणि पायाने दाबायचा बसवला. एकदा दाबलं की घोटभर पाणी. आता तीच टाकी अठरा-वीस दिवस जाते. मी काही साधुसंत वगैरे झालेलो नाही, पाय दुखतो म्हणून हात आखडतो इतकंच. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा, तिथे मात्र कंजूषपणा नाही, कारण मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. एकदा कपडे नुसते खाऱ्या पाण्यात धुतले होते, तीन दिवस उन्हात टाकूनही चिकट ते चिकटच.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला आपल्या किडनीला प्यायलो त्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणजे पिऊन उलट तहानच वाढणार. आणि रेलिंगवर रोज एक कुरव येऊन बसतो, अहो सीगल, तो हेच पाणी बिनधास्त पितो. त्याच्या डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, त्या रक्तातलं मीठ काढून नाकपुड्यांतून बाहेर सोडतात. चोचीच्या टोकाला थेंब जमतो, लोंबतो, मग मान झटकली की उडाला. मला पहिले काही दिवस वाटायचं बिचाऱ्याला सर्दी झालीय.

आपल्याला ती सोय नाही, म्हणून छोटी होडी घेऊन किनाऱ्यावर पाणी भरायला जावं लागतं. एकदा वीस-वीस लिटरचे चार कॅन भरून परत निघालो, ओहोटी लागून तासभर झालेला, पाणी जेमतेम बोटभर उतरलेलं, म्हटलं अजून भरपूर वेळ आहे आणि काठावर गप्पा मारत बसलो. ओहोटी सहा तासांची धरली तर मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी निघून जातं, हे मला तेव्हा कुठे माहीत! खाडीच्या मध्यावर होडी चिखलात बसली, मी ऐंशी लिटर पाण्यासकट चार तास तिथे, आणि बाजूने बगळे आरामात चालत गेले.

तेव्हापासून टाइमटेबल मोबाइलवर असलं तरी मी बगळे बघतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, मी विसरतो, बगळा विसरत नाही. आत्ता समोर एक उभा आहे, मघाशी गुडघ्याला होतं ते पाणी आता पोटाला टेकलंय. कॅन रिकामे करून होडीत ठेवलेत. तो उडाला की निघतो.