गिळण्याच्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत

न्यूरॉलॉजिस्टनी चिठ्ठी पाच मिनिटांत लिहून दिली. पुढचा सगळा वैताग रेडिओलॉजीच्या खिडकीवरचा. तो अजून डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, पार्किन्सन्स आहे. चहाचा घोट घेतला की आवाज ओला, घरघरता व्हायचा. गोळी जिभेवर तशीच राहायची. वजन उतरत चाललं होतं. ठसका मात्र फारसा लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तेच जास्त वाईट. या आजारात घशाची संवेदना मंदावू शकते. पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. मग न्यूमोनियाची भीती. म्हणून व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळताना घशाचं एक्स-रे चित्रीकरण.

खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी बघितली आणि बेरियम स्वॅलोची, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम पिऊन करायच्या साध्या तपासणीची, नोंद केली. "रात्री बारानंतर काही नाही. सकाळच्या गोळ्याही नाहीत."

आता, ती साधी तपासणी मुख्यतः अन्ननलिकेची. आम्हाला हवी होती घशाची. तिच्यात पेशंटला खुर्चीत ताठ बसवतात, बेरियम घातलेलं पाणी, दाट द्रव, बिस्किट असं एकेक देतात आणि गिळताना बाजूने एक्स-रेचं चित्रीकरण करतात. सोबत स्पीच थेरपिस्ट लागतो. हनुवटी खाली घेऊन गिळल्यावर फरक पडतो का, हे त्यानेच बघायचं. तिला उपास सहसा लागत नाही. उलट लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, चुकवून नेलं असतं तर अण्णा खुर्चीत धड बसलेही नसते. मग तपासणी कसली?

हे सगळं मी खिडकीतून सांगितलं, मागे रांग असताना. "सिस्टीममध्ये एवढंच येतं, मॅडम." वरिष्ठांना भेटा. वरिष्ठ जेवायला गेलेले. परत आले तर म्हणे, थेरपिस्ट ज्या दिवशी येतात त्या दिवशी मशीन दुसऱ्या पेशंटना दिलेलं असतं. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, मध्ये पाण्याचा एक कूलर. पण एकमेकांना फोन लावायला कुणी तयार नाही. "तुम्हीच त्यांच्याकडून लेखी आणा." म्हणजे कूलरच्या अलीकडून पलीकडे कागद न्यायचं काम माझं. अण्णा व्हीलचेअरवर, तोंडातून लाळ गळतेय, मी एका हाताने रुमाल धरलाय आणि दुसऱ्या हाताने फाईल. (लाळ जास्त सुटते म्हणून नाही, ती वेळेवर गिळली जात नाही म्हणून गळते. हे मला नंतर कळलं.)

शेवटी थेरपिस्टबाईंनीच चिठ्ठीवर लिहिलं: उपाशी ठेवू नये, गोळी वेळेवर द्यावी, मी हजर राहीन. खाली सही-शिक्का. शिक्का बघितल्यावर त्याच सिस्टीममध्ये जागा निघाली! तुम्ही हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

तपासणी लवकर आटोपली. पातळ पाणी श्वासनलिकेत जाताना पडद्यावर स्पष्ट दिसलं, अण्णा मात्र शांत. दाट केलेलं नीट उतरलं.

आता पाणी, चहा, ताक सगळं पावडर घालून दाट. किती दाट, ते १० मिलीच्या सिरिंजने बघायचं. भरून १० सेकंद सोडायचं. ४ ते ८ मिली उरलं तर दाटपणाची दुसरी पातळी, आम्हाला तीच सांगितलीय. दाट पाणी आवडत नाही म्हणून अण्णा कमीच पितात, त्यामुळे दिवसभराचा हिशेब ठेवावा लागतो. दूध-पोहे बंद, कारण पातळ आणि घट्ट एकाच घासात येतं. मऊ भात, दाट पेज चालते. जेवण गोळीचा असर असेल तेव्हाच. नंतर अर्धा तास तरी बसून राहायचं, आणि दात रोज नीट घासायचे, तोंडातले जंतू फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक राहिलंच. रेडिओलॉजीत फारच अडलं तर नाकातून कॅमेरा घालून गिळणं बघण्याचीही तपासणी असते, FEES (उच्चार फीस) म्हणतात तिला. तिला एक्स-रे लागत नाही, खाटेवरही होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे विचारा.