सूर्याकडे पाठ करून: अजिंक्यताऱ्यावरची पहाट

सूर्योदयाचे फोटो हल्ली माझ्याच्याने काढवत नाहीत. केशरी गोळा, काळे डोंगर आणि कोपऱ्यात एखादी वाळकी फांदी. सगळ्यांचे सारखेच येतात. डोंगररांगेचा लांबलचक पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारचे बरेच फोटो जोडून केलेला एकच फोटो, काढायचा असेल, तर पहाटे कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेकडे हवं, असं माझं ठाम मत आहे. साताऱ्यात त्यासाठी अजिंक्यताऱ्यासारखी सोयीची जागा नाही. गड शहराच्या डोक्यावरच, गाडीरस्ता पार वरपर्यंत, आणि मावळतीला यवतेश्वरापासून सज्जनगडापर्यंतची रांग डोळ्यांसमोर मोकळी.

जानेवारीत कराडहून पहाटेच बाईक काढली. मागे मावसभाऊ, त्याच्या पाठीवर ट्रायपॉड. हायवेवरच्या थंडीबद्दल काही लिहीत नाही. शेंद्र्याजवळ चहा घेतला, तेव्हा कुठे बोटं वळायला लागली. साताऱ्यात शिरून गडाचा रस्ता धरला, तर अंधारातही वर्दळ. कानटोप्या, मफलर, हातात काठ्या, कुणाच्या तरी खिशातल्या मोबाइलवर अभंग चालू. सातारकरांना सकाळी गड चढण्याची सवयच आहे. आपल्याला तो किल्ला, त्यांना फिरायला जायची जागा. दरवाजातून आत गेलो, मारुतीला हात जोडले, टॉवरचे लाल दिवे मागे टाकून पश्चिमेची कड गाठली.

सूर्य उगवायला वीसेक मिनिटं असतील तेव्हाचं आकाश बघण्यासारखं असतं, आणि तेव्हाच बहुतेक जण पूर्वेकडे डोळे लावून बसलेले असतात. मावळतीला क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिका गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, आपल्याच वातावरणावर पडलेली. सूर्य जसजसा वर यायला लागतो, तशी ती खाली सरकते आणि डोंगरांमागे बुडते. हवा कोरडी आणि स्वच्छ हवी, म्हणून थंडीचे दिवस बरे. त्या दिवशी सज्जनगडाचा सपाट माथा बरोबर त्या निळ्या-गुलाबीच्या सीमेवर टेकला होता. मावसभाऊ म्हणाला, "दादा, हे डोळ्याला दिसतंय तसं येतं का फोटोत?" येतं. पण थोडी कसरत करावी लागते.

पॅनोरमा म्हटलं की लोक रुंद लेन्स काढतात. रुंद लेन्सने डोंगर बारके होतात आणि आकाशच उरतं. मी पन्नास मिलिमीटरची लावतो आणि कॅमेरा उभा धरतो. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तसं केलं की एका फोटोत आडवे जेमतेम २७ अंश मावतात. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा परत यायला हवा, म्हणजे सॉफ्टवेअरला सांधा शोधता येतो. या हिशेबाने अर्धं क्षितिज धरायला दहा फोटो लागतात. एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, तोसुद्धा ठरवून टाकलेला. एवढ्यातलं एक जरी ऑटोवर राहिलं, तरी जोडल्यावर आकाशात उभे पट्टे उमटतात. मावळतीची बाजू घेण्याचा फायदा इथेच कळतो. दहाही फोटोंत उजेड साधारण सारखा असतो. उगवतीचा सूर्य मध्ये आला, की एका टोकाला पांढरंफटक आणि दुसऱ्या टोकाला काळोख. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, मात्र घरीच ठेवावा. तो सूर्यापासून काटकोनातलं आकाश सगळ्यात गडद करतो, आणि लांब फोटोत तेवढाच एक डाग पडल्यासारखा दिसतो.

ट्रायपॉडचे पाय सपाटीला आणण्यात मी जास्त वेळ घालवतो. वरचा हेड सरळ असून भागत नाही. खालचा बुंधाच कलता असेल, तर कॅमेरा फिरवताना क्षितिज चढत किंवा उतरत जातं. जवळ काही असेल, म्हणजे तटाचा दगड किंवा कठडा, तर कॅमेरा लेन्सच्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरवावा लागतो, नाहीतर सांध्यावर दगड तुटतो. आम्ही सरळ कडेला गेलो, पुढ्यात काहीच ठेवलं नाही. डोंगर पाच-दहा किलोमीटरवर असले की ही भानगड उरत नाही. मालिका सुरू करण्याआधी आणि संपल्यावर स्वतःच्या तळहाताचा एकेक फोटो काढून ठेवायचा, म्हणजे घरी शेकडो फोटोंतून कुठला गठ्ठा कुठे सुरू झाला ते पटकन सापडतं. माझ्या कार्डावर अर्धेअधिक फोटो मिचमिच्या उजेडातल्या तळहाताचेच आहेत.

सातच्या सुमाराला सूर्य आला. थंडीत तो आग्नेयेला उगवतो, जरंडेश्वराच्या डोंगराच्या चांगलाच उजवीकडे. आम्ही वळून एकदाच बघितलं. समोर आधी यवतेश्वराचा माथा पेटला आणि त्याच्या खालच्या उतारावर एक काळी, सपाट डोक्याची सावली दिसली. ती अजिंक्यताऱ्याची! आम्ही उभे होतो त्या गडाचीच सावली समोरच्या डोंगरावर पडली होती, आणि बघता बघता ती उतारावरून खाली उतरत गेली. उन्हं तिरपी लागली की कातळाचे थर मोजता येतात. हे लाव्हाचे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांमधले, एकावर एक पसरलेले. कठीण थराचा कडा उरतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून इथले डोंगर सुळक्यांचे नाहीत, आडव्या रेघांचे आहेत, आणि म्हणूनच ते लांब फोटोत शोभतात. भर दुपारी याच रेघा पुसल्यासारख्या होतात. उजव्या हाताला वेण्णेच्या खोऱ्यात धुकं साचलं होतं. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून खाली येते आणि नदीकाठच्या ओलाव्याचं धुकं होतं. उन्हं वर चढली की विरतं.

मागून एक काका येऊन बराच वेळ उभे होते. "काय हो, सूर्य तिकडं उगवतोय आणि तुम्ही इकडं तोंड करून?" मी मागचा स्क्रीन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि एकेक फोटो बघत नावं सांगायला सुरुवात केली. हा यवतेश्वर, हा वर जातोय तो कासचा रस्ता, हा सज्जनगड, त्याखाली परळी. एक फोटो वर सरकवल्यावर दुसरे काका पुढे झाले आणि एका दूरच्या निळसर टोकावरून दोघांची जुंपली. एक म्हणे ते कासच्या अंगाचं, दुसरा म्हणे छे, ते पार कोयनेकडचं. तिसऱ्यालाही हाक मारून झाली. निकाल काही लागला नाही.

परतीला मंगळाईच्या बुरुजाकडे जाऊन आलो. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने सुरुंग लावून तो उडवला आणि त्याचे दगड त्यांच्याच लोकांवर कोसळले, ही गोष्ट मावसभावाला सांगेपर्यंत त्याला भुकेने काही सुचेना. खाली उतरून मिसळ खाल्ली, कंदी पेढे बांधून घेतले.

काकांनी निघताना नंबर दिला होता आणि बजावलं होतं, "ग्रुपवर टाका, पण लहान करून टाकू नका." व्हॉट्सअॅप फोटो म्हणून पाठवलं की एवढी मोठी फाइल आवळून टाकतं, म्हणून जोडलेला पॅनोरमा डॉक्युमेंट करून पाठवला. संध्याकाळी काकांचं उत्तर आलं: "छान. पण यात सातारा कुठाय?"