औशाच्या मावशींचा कोपरा

सकाळी साडेआठला वाघोलीच्या साइटवर पोहोचले तेव्हा परीक्षेची यादी तयार होती. 32 नावं. 23 पुरुष, त्यांच्यापुढे ‘गवंडी’. 9 बाया, त्यांच्यापुढे ‘बिगारी’. मुकादमाने ठेकेदाराच्या ऑफिसात बसून ती भरली होती आणि दोन दिवसांपूर्वीच पोर्टलवर चढवली होती.

मी परीक्षक आहे. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर अकरा वर्षं साइटवर काढली आणि आता आरपीएलच्या, म्हणजे ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’च्या परीक्षा घेते. कामावरच शिकलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवायचं नाही, त्याला जे येतं ते तपासायचं आणि तसा कागद द्यायचा, असं हे काम. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत त्याची सोय आहे. ज्याने वीस वर्षं भिंती उभ्या केल्या त्याच्या हातात त्याच्या कामाची एक ओळ लिहिलेलीही नसते, हे मी साइटवर रोज बघितलं होतं. म्हणूनच या कामाकडे वळले.

बिगाऱ्यांची परीक्षा लवकर उरकते. विटा जोडायच्या मालाचं प्रमाण, विटा रचणं, पाणी मारणं, डोक्याला हेल्मेट आहे का. साडेदहापर्यंत सगळ्या बाया मोकळ्या झाल्या आणि पुरुषांचं सुरू झालं. प्रत्येकाने नऊ इंची भिंतीचा कोपरा इंग्लिश बाँडमध्ये आठ थर उचलायचा. माल मुद्दाम मातीचा ठेवतो, म्हणजे संध्याकाळी भिंत सोडवून विटा परत वापरता येतात.

तिसऱ्या की चौथ्या ओट्यावर एक पोरगा भराभर थर चढवत होता. मागे घमेलं घेऊन उभ्या असलेल्या एक मावशी एकदम बोलल्या, “तुकडा घाल की रे कोपऱ्याच्या बाजूला. सांध्यावर सांधा यायलाय.”

मी वाकून बघितलं. खरंच येत होता.

इंग्लिश बाँडची सगळी गोम त्या तुकड्यात असते. एका थरात विटा भिंतीच्या लांबीत, वरच्या थरात आडव्या, रुंदीत. पण नुसतं आलटून पालटून भागत नाही. कोपऱ्याच्या आडव्या विटेला लागून, लांबीत उभी चिरलेली अर्ध्या रुंदीची वीट घालावी लागते, तेव्हाच वरचा सांधा खालच्या सांध्यावरून सरकतो. हे डिप्लोमाला मी कागदावर तीनदा चुकले होते. आणि या मावशी पाच फुटांवरून, डोक्यावर घमेलं असताना ते बघत होत्या.

“मावशी, तुम्ही बांधता का?”

“बांधते की. नाव तेवढं बिगारी हाय.”

त्या औसा तालुक्यातल्या. वडील दगडकाम करायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. 52 गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याखेरीज कितीतरी गावांत पडझड झालेली घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली गेली, ते फारसं कुणाला आठवत नाही. त्यांचं गाव त्यातलं. त्या भागातली घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा, मध्ये मुरूम भरलेला. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि माणसं खाली गाडली जातात. म्हणून दुरुस्तीत भिंतीला आरपार भोक पाडून दोन्ही थर जखडायचे, दारं-खिडक्यांच्या वरून सिमेंट-सळईचा पट्टा फिरवायचा. वडिलांच्या हाताखाली त्यांनी ते शिकून घेतलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पुण्याला आल्या, आणि तेव्हापासून घमेलं.

“इथं बाईच्या हातात थापी देत नाहीत मॅडम. दुपारच्या वक्ताला, हे जेवायला बसले की मी यांचा थर पुरा करते.”

त्यांचे यजमान बाजूलाच होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “कोपरा तीच धरते. मी मधलं भरतो.”

कोपरा धरणं म्हणजे काय, हे बांधकामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन्ही टोकांचे कोपरे ओळंब्यात उभे राहिले की दोरी लावून मधलं कुणीही भरतं. त्या साइटवर गवंड्याची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, बिगारी बाईच्या जवळपास दुप्पट होती.

मी मुकादमाला म्हटलं, मावशींचं नाव गवंड्यात घ्या. तो म्हणाला, “मॅडम, यादी लॉक झालीय. आज बदल होत नाही.” खरं बोलत होता. परीक्षेच्या दिवशी पद बदलण्याचा अधिकार मलाही नाही. नियम कशासाठी आहे हेही मला कळतं, नाहीतर कुणीही ऐन वेळी कुणाचंही नाव घुसडेल. पण मी तिथे फार अस्वस्थ होऊन उभी होते. संध्याकाळी माझ्याच सहीने त्यांना ‘बिगारी’ असा कागद मिळणार होता.

तेव्हा मला आमच्या संस्थेच्या बॅजची आठवण झाली. आम्ही त्याच वर्षी सरकारी प्रमाणपत्राच्या जोडीला डिजिटल बॅज, म्हणजे फोनवर दाखवता येणारं छोटं चित्ररूप प्रमाणपत्र, द्यायला सुरुवात केली होती, आणि खरं सांगायचं तर माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. दोन तासांच्या वेबिनारला हजेरी लावली की मिळणारे चमकदार बॅज मी एवढे बघितले होते, की हा प्रकारच मनातून उतरला होता. असल्या बॅजनी खऱ्या बॅजचं नाव खराब केलंय असं माझं आजही ठाम मत आहे. मूळ कल्पना तशी नव्हती. 2011 मध्ये मोझिला फाउंडेशनने ओपन बॅजेसचं काम हाती घेतलं तेव्हा त्यातला मुद्दा चित्राचा नव्हता, चित्राच्या पोटात भरलेल्या माहितीचा होता: कुणी दिला, कधी दिला, कोणत्या कसोटीवर दिला आणि त्याचा पुरावा काय. आता हे मानक वनएडटेक ही संस्था सांभाळते, आणि त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत देणाऱ्याची डिजिटल सहीही आत असते, म्हणजे मागाहून कुणी खाडाखोड केली तर पकडता येते.

माझ्या उपयोगाची गोष्ट वेगळीच होती. प्रमाणपत्र पदाचं असतं. बॅज एका कामाचा देता येतो. आमच्या यादीत एक होता: ‘नऊ इंची भिंतीचा कोपरा’. त्याला पोर्टलवरचं पद लागत नव्हतं. काम, परीक्षक आणि पुरावा एवढंच लागत होतं.

“मावशी, कोपरा बांधून दाखवता?”

त्यांनी पदर खोचला, यजमानांची थापी घेतली आणि आधी विटांच्या ढिगाकडे गेल्या. दोन-दोन विटा एकमेकींवर वाजवून बघत होत्या. खणखणीत वाजेल ती इकडे, भद्द वाजेल ती तिकडे. निवडलेल्या विटा पिंपात सोडल्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत हात लावला नाही. मग ओट्यावर पहिला थर माल न घालता कोरडाच मांडला, विटा बोटभर सरकवत कुठे तुकडा लागेल ते ठरवलं, उचलला, आणि मगच माल पसरला. त्या दिवशी 23 गवंड्यांपैकी दोघांनीच कोरडा थर मांडला होता.

काटकोन त्यांनी गुण्याने धरला नाही. दोरीला गाठी मारल्या होत्या. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार, तिरपं पाच. वीट चिरताना थापीच्या धारेने चारी बाजूंनी हलकी रेघ मारली आणि एकच ठोका दिला. बोटभर सांधा, सगळीकडे तेवढाच. मालाचा जादा भाग थापीने काढून पुढच्या विटेच्या टोकाला लावत होत्या, खाली काही पडत नव्हतं.

आठ थर झाल्यावर मी ओळंबा लावला. नियमाने तीन मीटर उंचीत 6 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. आमची भिंत जेमतेम अडीच फुटांची, त्यामुळे तिथे मिलिमीटरभरही जास्त वाटतो. वर दोरीत आणि विटेत जेवढी फट, तेवढीच खाली. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, मग तिरप्या पट्टीने बघितलं. मी फोटो काढले: कोरड्या थराचा, तुकड्याचा, ओळंब्याचा. काम चालू असताना हातांचा एक छोटा व्हिडिओही घेतला.

आणि मग अडचण आली. आमच्या यंत्रणेत बॅज माणसाच्या ईमेल पत्त्याला बांधला जातो. मावशींना ईमेल नव्हता. मुकादम चांगल्या मनाने म्हणाला, “ठेकेदाराचा टाका, सगळ्यांचे तसेच करतो.” मी तिथे जरा आवाज चढवून ‘नाही’ म्हटलं. दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेला बॅज दुसऱ्याच्या हातात राहतो. साइट बदलली, ठेकेदाराशी वाजलं, की तो गेला. मुलीचा पत्ता होता, ती लातूरला नर्सिंग शिकते. मावशी म्हणाल्या, “नको, तिचं तिला राहू द्या. माझं मला करा.”

म्हणून विटांच्या ढिगावर बसून त्यांच्याच फोनवर पत्ता उघडला. नाव त्यांनी सांगितलं, पुढे गावाचं नाव लावलं. पासवर्ड मी बघितला नाही. त्यांनी तो फोन छातीशी धरून, एकेक अक्षर तोंडाने पुटपुटत टाकला आणि यजमानांनाही बघू दिला नाही.

पुराव्याच्या चौकटीत मी चार ओळी लिहिल्या आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “पयला थर कोरडा मांडला ते लिवलंच नाय.”

मी ते घातलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. “गुण्या न घेता दोरीवर काटकोन धरला, हे बी घाला.” तेही घातलं. मग म्हणाल्या, आता बरोबर. इतक्या वर्षांत मी शेकडो प्रमाणपत्रांवर सह्या केल्या असतील. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कसं? त्या कागदावर वाचून दाखवण्यासारखं पद आणि श्रेणी सोडून काही नसायचंच.

या बॅजने त्यांची हजेरी दुसऱ्या दिवशी वाढली नाही. मुकादमाने क्यूआर कोड स्कॅन केला, व्हिडिओ बघितला, “भारी काम आहे” म्हणाला, आणि पगार ठेकेदार ठरवतो असंही म्हणाला. पुढच्या तुकडीची यादी बनली तेव्हा मात्र मी आधीच ऑफिसात जाऊन बसले. मावशींच्या नावापुढे ‘गवंडी’ लिहून घेतलं आणि जोडीला बॅजची लिंक दिली. त्या यादीत आणखी दोन बाया गवंडी म्हणून आल्या, त्यांच्यासाठी मला काही बोलावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी पाच वाजता ओटे मोकळे करायला सुरुवात झाली. पोरं आपापले कोपरे लाथेने ढकलून पाडत होती. मी मावशींना म्हटलं, तुमचा राहू दे आजची रात्र. त्यांनी फोन उघडून बॅजमधला फोटो एकदा बघितला, फोन कमरेच्या पिशवीत ठेवला आणि सर्वांत वरच्या थरापासून एकेक वीट उचलायला लागल्या. प्रत्येक विटेची माती थापीने खरवडली आणि ढीग रचला. अर्धी चिरलेली वीट तेवढी त्यांनी वेगळी काढून बाजूला ठेवली, उद्या लागेल म्हणून.