दुष्फेन पाणी

आठवीतला तो प्रयोग मला अजून दिसतो. तीन परीक्षानळ्या: एकीत नळाचं पाणी, दुसरीत शाळेच्या बोअरवेलचं, तिसरीत ऊर्ध्वपातित. तिन्हींत साबणाचं द्रावण घालून हलवायचं. ऊर्ध्वपातित पाण्याचा फेस नळीच्या तोंडाशी आला, बोअरवेलच्या पाण्यात नुसता पांढरा साका. "यात कॅल्शिअम आहे," बाई म्हणाल्या आणि पुस्तक मिटून त्यांनी सिडनी रिंगर यांची गोष्ट सांगितली.

रिंगर लंडनमधले डॉक्टर. बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून ते कसं चालतं हे पाहत होते. हृदय छान धडधडत होतं. मग लक्षात आलं, द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी घेतलं तर ठोके मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातलं कॅल्शिअम हृदयाला चालवत होतं! १८८३ मध्ये रिंगरनी आपलीच आधीची चूक छापून दुरुस्त केली. हे शेवटचं बाईंनी दोनदा सांगितलं.

पुढे मी शरीरक्रियाशास्त्राकडे वळलो आणि कॅल्शिअम पुन्हा भेटलं, या खेपेला मेंदूत. एक चेतापेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. विजेचा संदेश पेशीच्या टोकापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. पलीकडे जातं ते रसायन, पुटिका नावाच्या इवल्याशा पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं. मग विजेचा निरोप पुटिकांना कोण सांगतं?

आम्ही ठाणे पूर्वेला मिठबंदर रोडला राहायचो, म्हणून मला खाडीची भरतीच आठवते. बांधाबाहेर पाणी चढलेलं असतं, दार उचललं की ते आपसूक आत धावतं. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शिअम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. संदेश आला की टोकाशी असलेली कॅल्शिअमची दारं साधारण मिलिसेकंदभर उघडतात. आत शिरलेलं कॅल्शिअम पुटिकेवरच्या सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला जाऊन बसतं, पुटिका पेशीच्या पडद्याशी एकरूप होते आणि रसायन फटीत सांडतं. कॅल्शिअम शिरल्यापासून रसायन सुटेपर्यंत मिलिसेकंदाचा पाचवा भागसुद्धा पुरतो, कारण दारं पुटिकांना खेटूनच असतात. नुसती वीज पुरत नाही, कॅल्शिअम त्या क्षणी हजर हवं, हे बर्नार्ड कात्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर दाखवलं. संदेशाच्या किंचित आधी दिलेलं कॅल्शिअम कामी आलं, किंचित उशिरा दिलेलं वाया गेलं. कात्झ युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे. रिंगरही त्याच संस्थेच्या रुग्णालयातले. हे वाचलं तेव्हा मला थेट आमची प्रयोगशाळा आठवली.

त्याच वर्षी डॉज आणि रहामिमॉफ यांनी मांडलेलं गणित मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवतो. रसायनाचं सुटणं कॅल्शिअमच्या जवळजवळ चौथ्या घातानं बदलतं. कॅल्शिअम निम्मं केलं तर काम निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. वर्गात इथे नेहमी शांतता पसरते आणि ती मला फार आवडते.

लॅम्बर्ट-ईटन नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती याच दारांवर उलटते. हातपाय लुळे पडतात. पण रुग्णानं काही सेकंद जोर लावून स्नायू आवळला की थोडा वेळ बळ परत येतं, कारण लागोपाठच्या संदेशांनी आत कॅल्शिअम साठत जातं. उरलेली मोजकी दारं पुन्हापुन्हा उघडून काम भागवतात, हे मला विलक्षण वाटतं.

या स्मरणिकेसाठी लिहिलेलं मागच्या रविवारी बाईंना फोनवर वाचून दाखवलं. बाई आता नौपाड्यातच असतात, कमी ऐकू येतं म्हणून दोनदा वाचावं लागलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आत आलेलं कॅल्शिअम बाहेर कसं जातं रे? ते लिहिलंच नाहीस."

काही प्रथिनं ते लगेच धरून ठेवतात, बाई, आणि पडद्यातले पंप ते पुन्हा बाहेर टाकतात. पुढच्या रविवारी येतो, कागद-पेन्सिल घेऊन. आकृती काढल्याशिवाय हे नीट सांगता येत नाही.